चिडका, आळशी, एकलकोंडा: अकरावी-बारावीतलं माझं नैराश्य

मी त्या काळात रडलो नाही. हे आधीच सांगतो, कारण नैराश्य म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे उशीत तोंड खुपसून रडणारं पोर येतं. तसं कुणी घरात दिसत नसलं की सगळे निश्चिंत असतात. माझं बाहेरून दिसणारं रूप वेगळं होतं. मी फटकन उलट बोलायचो. आंघोळीला टाळाटाळ करायचो. सुट्टीत गावी आलो की दुपारपर्यंत अंथरुणात पडून राहायचो आणि फोन वाजला की वाजू द्यायचो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचं असं वागणं पाहून कुणीही म्हणेल, वयच तसं आहे. आमच्याकडेही तेच म्हणाले.

आमचं गाव अहमदपूर तालुक्यात. दहावीला चांगले टक्के पडले तेव्हा मला लातूरला ठेवायचं हे घरात जवळपास ठरलेलंच होतं. २०२२ च्या पावसाळ्यात अकरावी सायन्सला प्रवेश झाला. ट्युशन एरियात दोघांत एक रूम, मेसचा डबा, कॉलेजला प्रॅक्टिकलपुरतं जायचं आणि बाकी दिवसभर नीटचा क्लास. फीचा पहिला हप्ता अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उसनवारी करून भरला, दुसरा सोयाबीनची पट्टी आल्यावर. हे मला कुणी ऐकवून दाखवलं नव्हतं, पण मला ते माहीत होतं आणि पुस्तक उघडलं की ते आठवायचं.

नेमकी सुरुवात कधी झाली ते सांगता येत नाही. पहिल्यांदा गेली ती आवड. मला क्रिकेटचं वेड होतं. संध्याकाळी पोरं बोलवायला आली की मी डोकं दुखतंय म्हणून सांगायचो, आणि खरंच सांगतो, मैदानावर जाऊन काय करायचं हेच मला कळेनासं झालं होतं. मग वाचन गेलं. जीवशास्त्राच्या पुस्तकातली एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचायची आणि शेवटी ती कशाबद्दल होती ते आठवायचं नाही. विहिरीवरची मोटार चालू आहे, आवाज येतोय, पण पाणी वर चढत नाही, तसं माझं डोकं झालं होतं. मी तासन् तास बसायचो आणि हाती काही लागायचं नाही. त्यावरून मी स्वतःला ढ ठरवून टाकलं.

झोपेचं तर फारच विचित्र होतं. रात्री साडेतीनला टक्क जाग यायची आणि पुन्हा डोळा लागायचा नाही. मग सकाळी सातला, उठायच्या वेळी, अंगात दगड भरल्यासारखं व्हायचं. संध्याकाळ त्या मानाने बरी जायची. म्हणून संध्याकाळी मी मनाशी ठरवायचो की उद्यापासून नीट अभ्यास करू, आणि सकाळी तेच ठरवणं अंगावर यायचं. सकाळी जड आणि संध्याकाळी थोडं हलकं, हा या आजाराचा ओळखीचा नमुना आहे हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला केवढं हायसं वाटलं! तोवर मी ते माझ्या स्वभावाच्या खात्यावरच मांडत होतो.

दर रविवारी टेस्ट असायची. १८० प्रश्न, ७२० गुण, चुकलेल्या उत्तराला एक गुण वजा. संध्याकाळी सगळ्यांचे गुण नावानिशी ग्रुपवर यायचे आणि काही टेस्टनंतर गुणांवरून बॅच बदलायच्या. बारावीच्या सुरुवातीला मला वरच्या बॅचमधून खाली पाठवलं. क्लासमुळे मला नैराश्य आलं असं मात्र मी म्हणणार नाही. त्याच बॅचमधली, माझ्यापेक्षा कमी गुणांची मुलं हसतखेळत शिकत होती. आईच्या मामांनाही तरुणपणी असाच आजार होता, हे आम्हाला नंतर, डॉक्टरांनी घराण्याची माहिती विचारली तेव्हा समजलं. घरापासून लांब राहणं, झोप मोडणं, फीचं ओझं, रक्तातून आलेलं काहीतरी, असं सगळं मिळून ते झालं असावं. पण रविवार संध्याकाळ आली की माझे हात गार पडायचे, हेही तितकंच खरं.

याच सुमारास मनात मरणाचे विचार यायला लागले. आपण नसतो तर घरचा खर्च वाचला असता, इथून त्यांची सुरुवात झाली. त्याबद्दल इथे याहून जास्त लिहीत नाही. एवढंच सांगतो की ते विचार मला भीतीदायक वाटत नव्हते, शहाणपणाचे वाटत होते. या आजारात माणसाची बुद्धी अशी आजाराच्याच बाजूने वकिली करायला लागते. म्हणून ते आतून ओळखणं इतकं अवघड असतं आणि बाहेरच्या कुणीतरी ते ओळखावं लागतं.

मला ओळखलं माझ्या रूममेटने. तो मुखेडकडचा, बोलायला कमी. एका रात्री मला जाग आली तर तोही जागाच होता. तो म्हणाला, "तू रोज याच टायमाला उठतोस. मी बघतो. काय झालंय रे?" मी त्याला थोडंफार सांगितलं आणि कुणाला बोलणार नाहीस अशी शपथ घातली. त्याने शपथ घेतली, आणि दुसऱ्या दिवशी मोडली. क्लासला दांडी मारून त्याने १४४१६ वर फोन केला. ही टेलि-मानस नावाची मानसिक आरोग्याची सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. फोनला पैसे पडत नाहीत, चोवीस तास ती चालू असते आणि मराठीत बोलता येतं. तिकडच्या बाईंनी त्याला दोनच गोष्टी सांगितल्या: मित्राला एकटं सोडू नकोस, आणि आज, उद्यावर न टाकता, त्याच्या घरच्या एखाद्या मोठ्या माणसाला सांग. त्याने माझ्या फोनमधून ताईचा नंबर काढला. ताई म्हणजे माझी आतेबहीण, सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे.

मला त्याचा इतका राग आला की मी त्याच्याशी बोलणंच टाकलं. तो ते सहन करत डबा माझ्यापुढे आणून ठेवत राहिला. शाळा-कॉलेजातली मुलं हे वाचत असतील तर त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: मित्र मरणाबद्दल बोलला तर ते गुपित ठेवायचं नसतं. शपथ मोडल्याने मैत्री मोडत नाही. आमची मोडली नाही. मोडली असती तरी मी आज जिवंत राहून त्याच्यावर रागावलेला असतो, आणि तेही चाललं असतं.

ताई रविवारी आली. मला टेस्टला जाऊ दिलं नाही. रूमवर बसून तिने प्रश्न विचारले आणि ते इतके साधे होते की मला उत्तरं देता आली. "रोज असं वाटतंय का? किती आठवडे झाले? जेवण जातं का? पूर्वी जे आवडायचं त्यातलं काय उरलंय?" मग ती थोडा वेळ गप्प राहिली आणि सरळ विचारलं, "जीव द्यावा असं मनात येतं का?" मी हो म्हणालो. ती ओरडली नाही, रडलीही नाही. "बरं झालं सांगितलंस," म्हणाली आणि माझ्या बॅगेत कपडे भरायला लागली. असं विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेलं भरतं, अशी भीती पुष्कळांना वाटते. तसं होत नाही, उलट कोंडलेलं बाहेर येतं, असं मानसोपचारवाले सांगतात. मी ते स्वतः अनुभवलं आहे. तिच्यापुढे हो म्हटल्यावर कित्येक आठवड्यांनी मला भूक लागली.

घरी सांगणं हे मला सगळ्यात अवघड वाटत होतं, ते तिने केलं. अण्णा ओसरीवर बसून होते. बराच वेळ त्यांनी काही विचारलं नाही. मग म्हणाले, "अभ्यास राहू दे. तू आधी बरा हो." आजीने मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. बाहेरची बाधा असेल, एका जाणत्याकडे दाखवू या, असंही कुणीतरी सुचवलं. ताईने आजीला दुखावलं नाही. "आजी, दृष्ट काढ तू, पण उद्या आम्ही दवाखान्यात जातो," एवढंच म्हणाली. पुढे डॉक्टरही तसंच वागले. घरच्यांचा देवाधर्माचा आधार त्यांनी हिणवला नाही, फक्त त्यापायी गोळी आणि तपासणी चुकायला नको हे बजावलं.

सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात केसपेपर काढून आम्ही बाकावर बसलो. ओळखीचं कुणी दिसेल म्हणून मी रुमाल तोंडाला बांधला होता. तिथे बसलेली माणसं आमच्यासारखीच होती: एक म्हातारे शिक्षक, बाळंतीण लेकीला घेऊन आलेली आई, दोन-तीन कॉलेजची पोरं. डॉक्टरांनी आधी मला एकट्याला आत घेतलं. "तू सांगशील ते माझ्यापाशी राहील. फक्त तुझ्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं तर वडिलांना सांगेन, आणि तुला कळवूनच सांगेन," असं त्यांनी सुरुवातीलाच स्पष्ट केलं. त्या एका वाक्याने मी बोलता झालो.

त्यांनी नऊ प्रश्नांचा कागद दिला. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला, त्याला शून्य ते तीन गुण, एकूण २७. उदासी, आवड नसणं, झोप, थकवा, भूक, स्वतःबद्दल वाईट वाटणं, लक्ष न लागणं, हालचाल मंदावणं किंवा अस्वस्थपणा, आणि शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांचा. नुसत्या गुणांवरून निदान होत नाही. त्यांनी बराच वेळ बाकीचंही विचारलं. तंबाखू-गुटखा आहे का? कधी झोप न घेताही चार-पाच दिवस प्रचंड उत्साह, वायफळ खर्च, खूप बडबड असं झालंय का? हा प्रश्न महत्त्वाचा, कारण उदासी आणि अतिउत्साह आलटून पालटून येणारा आजार वेगळा असतो आणि त्यात नुसती नैराश्याची गोळी देऊन चालत नाही. रक्तात हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासायला सांगितलं, कारण त्यांच्या गडबडीनेही माणूस असा थकलेला, मंद दिसू शकतो. माझं हिमोग्लोबिन थोडं कमी निघालं, बाकी ठीक होतं.

मग अण्णांना आत बोलावून त्यांनी जे सांगितलं ते मला जन्मभर पुरेल. मोठ्या माणसांत या आजाराचं मुख्य लक्षण उदासी. पण मुलांत आणि किशोरवयात उदासीच्या जागी सततची चिडचिड असली तरी तेच लक्षण धरतात. "तुमचा मुलगा उद्धट झालेला नाही, आजारी आहे." अण्णांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. आमच्यात असं काही करायची पद्धत नाही.

गोळी दिली ती फ्लुओक्सेटिन, सकाळी नाश्त्यानंतर. तिचा गुण दोन ते चार आठवड्यांनी दिसू लागतो, पुरता यायला आणखी लागतात. सुरुवातीला मळमळ आणि अस्वस्थपणा होऊ शकतो. या गोळ्यांनी काही किशोरवयीन मुलांत सुरुवातीच्या काळात मरणाचे विचार वाढू शकतात, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये त्यांच्या माहितीपत्रकात चौकटीतला ठळक इशारा छापायला लावला. डॉक्टरांनी ही गोष्ट आमच्यापासून लपवली नाही. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला या, गोळ्या अण्णांच्या ताब्यात राहतील, मुलाला रात्री एकटं झोपवायचं नाही, आणि शेतातली फवारणीची औषधं घरात ठेवायची नाहीत, कुलपात आणि दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची. अण्णांनी त्याच संध्याकाळी सगळे डबे-बाटल्या चुलत्यांच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या कोठ्यावर, नेऊन कुलूप लावलं. शेतकरी घरात पोर असं आजारी असेल तर हे सगळ्यांत आधी करावं. गोळीचा गुण यायला वेळ लागतो, कुलूप त्याच दिवशी लागतं.

मळमळ झाली, आठवडाभराने थांबली. मन मात्र लगेच बदललं नाही. आधी झोप सुधारली, मग जेवण. माझ्या आधी आईला फरक दिसला. "आज तू भांडलास बघ माझ्याशी भाजीवरून, तोंड उघडलंस," असं ती आनंदाने म्हणाली होती.

गोळीइतकंच काम समुपदेशनाने केलं. त्याच रुग्णालयात एक मानसशास्त्रज्ञ मॅडम होत्या. माझा समज होता की त्या मला चार उपदेशाच्या गोष्टी सांगतील. त्यांनी वही दिली. दर दोन तासांनी मी काय केलं ते लिहायचं आणि मनाला किती बरं वाटलं त्याला शून्य ते दहा गुण द्यायचे. मला ते शाळकरी वाटलं, तरी लिहीत गेलो. आठवड्याने वही त्यांच्यापुढे ठेवली तेव्हा त्यांनी बोट ठेवून दाखवलं: फोन घेऊन पडलो त्या प्रत्येक वेळी एक किंवा दोन, अण्णांबरोबर गोठ्यात शेण काढलं तेव्हा चार, चुलत भावाला गणित शिकवलं तेव्हा पाच. मी तर सगळे दिवस सारखेच काळे समजत होतो.

तिथून खरी वाट सापडली. मला वाटायचं, आधी मन लागलं पाहिजे, मग माणूस उठून काही करतो. मॅडम म्हणाल्या, या आजारात उलट्या टोकाने सुरुवात करायची. इच्छा नसताना ठरलेली छोटी गोष्ट करायची, इच्छा मागून येते. ती इतकी छोटी ठेवायची की वाईट दिवशीही जमावी. माझी पहिली यादी अशी होती: ठरलेल्या वेळी उठून अंथरूण घडी करायचं, बंधाऱ्यापर्यंत चालत जाऊन यायचं, रोज एका माणसाशी स्वतःहून बोलायचं. अभ्यास त्यात नव्हताच. तो नंतर आला, तोही दहा मिनिटांचा. उठायची वेळ रोज एकच ठेवायची, रात्री कितीही जागरण झालं तरी, हा नियम मला सर्वांत जड गेला आणि सर्वांत उपयोगी पडला.

विचारांवरही त्यांनी काम केलं. "बॅच खाली गेली म्हणजे मी संपलो" हे वाक्य त्यांनी वहीत लिहायला लावलं आणि खाली पुरावे मागितले, बाजूचे आणि विरुद्धचे. विरुद्ध बाजूला मला काही सुचेना. त्यांनी विचारलं, "हेच तुझ्या रूममेटच्या बाबतीत झालं असतं तर त्याला तू काय म्हणाला असतास?" त्याला सांगण्यासारखं माझ्याकडे पानभर निघालं. ते पान अजून माझ्याकडे आहे.

हे सगळं चढत्या आलेखासारखं झालं नाही. दिवाळीत मी जवळपास बरा होतो, पाहुण्यांत बसलो, हसलो. त्यानंतरच्या थंडीत पुन्हा काही आठवडे फार वाईट गेले. अण्णा घाबरले, गोळी लागू पडेना म्हणाले. डॉक्टरांनी डोस थोडा वाढवला आणि मॅडमनी यादी पुन्हा पहिल्याइतकी छोटी करायला सांगितली. बरं वाटल्यावर गोळी थांबवायची घाई सगळ्यांनाच होते. पण पुरतं बरं झाल्यावरही सहा महिने ते वर्षभर ती चालू ठेवतात आणि बंद करतानाही हळूहळू करतात, नाहीतर आजार उलटतो.

नीटचा क्लास मी सोडला. वर्गशिक्षकांना ताईने डॉक्टरांचं पत्र दाखवल्यावर त्यांनी हजेरीचं बघून घेतलं आणि प्रॅक्टिकलसाठी माझी सोयीची तुकडी लावून दिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये मी बारावीची परीक्षा दिली. गुण साधारण पडले. पुढे सीईटी देऊन कृषी पदवीला आलो, आता परभणीला दुसऱ्या वर्षाला आहे. डॉक्टर व्हायचं राहिलं, याचं वाईट मला वाटतं. ते वाटणं आणि ते आजारपण यांतला फरक आता मला कळतो. वाईट वाटूनही मी जेवतो, झोपतो, संध्याकाळी मैदानावर जातो.

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या मुलांपैकी सुमारे ७ टक्क्यांना कुठला तरी मानसिक आजार आढळला होता. आमच्या बॅचमध्ये शंभरावर मुलं होती. म्हणजे माझ्यासारखी आणखी काही त्याच बाकांवर बसलेली असणार आणि आम्ही एकमेकांना ओळखत नव्हतो. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात टेस्टचे गुण जाहीर करू नयेत असं आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गुणांवरून बॅच पाडू नयेत, आणि १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. हेल्पलाइनचे नंबर ठळक दिसतील असे लावायलाही सांगितलं आहे. पालकांनी क्लासची फी भरताना बॅचचा निकाल विचारावा, त्याच दमात समुपदेशक कोण आहे, कोणत्या खोलीत बसतो, हेही विचारावं. मुलांना ते विचारता येत नाही.

गोळी बंद करताना मॅडमनी माझ्याकडून धोक्याच्या खुणा लिहून घेतल्या. माझ्या खुणा या: सलग पहाटे जाग येणं, आंघोळ टाळणं, घरचा फोन न उचलणं, आणि भावावर विनाकारण खेकसणं. तो कागद माझ्याकडे, ताईकडे आणि रूममेटकडे आहे. रूममेट आता नांदेडला शिकतो आणि आठवड्याला फोन करतो. गेल्या हिवाळ्यात सेमिस्टर परीक्षेच्या आधी पहाटे जाग यायला लागली. मी फोन उचलला नाही तेव्हा त्याने ताईला कळवलं. दुसऱ्या दिवशी मी स्वतः ओपीडीत गेलो, या वेळी तोंडाला रुमाल न बांधता. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले की लवकर आलास, सध्या गोळी नको, यादी सुरू कर आणि पंधरा दिवसांनी ये. उठायची वेळ, अंथरुणाची घडी, रोज एका माणसाशी बोलणं. परीक्षा झाली, एक विषय राहिला, तो उन्हाळ्यात दिला.